पंखाच्या पलीकडची

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "वारा कापते." आणि मग विचारणाऱ्याचं तोंड मजेत बघत बसायची.

खोटं नव्हतं ते. विमान खरं बांधायच्या आधी ते कॉम्प्युटरात उडवून बघतात. पण कॉम्प्युटरला वारा कसा कळणार? त्याला आकडे कळतात. म्हणून मग विमानाभोवतीच्या हवेचे तुकडे करायचे. विमानाच्या कातडीला लागून मोहरीहून बारीक, जरा लांब गेलं की काडेपेटीएवढे, आणखी लांब पेटाऱ्याएवढे, आणि अगदी दूर, जिथे वाऱ्याला विमानाची खबरही नसते, तिथे खोलीएवढे. सगळे एकमेकांना चिकटून, मध्ये सुईही शिरू नये असे. मग कॉम्प्युटर एकेका तुकड्याला विचारत सुटतो, "तुझ्यातून वारा किती गेला? कुठे गेला?" या तुकड्यांच्या जाळ्याला जाळी म्हणतात. जाळी सैल पडली तर उत्तर खोटं येतं, आणि फाटली तर येतच नाही.

ती या जाळ्या विणायची. तरुणपणापासून आजपर्यंत, हाताने, माऊसच्या टोकाने, एकेक कोपरा दाबून बसवत. ऑफिसात तिला सगळे विणकर म्हणत.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खालून रबराचा वास यायचा आणि मधूनच चाकात हवा भरल्याचा फुसकारा. "बघा, आपला धंदा एकच," कॅप्टन म्हणायचे, "ते हवा कोंडतात, आपण हवा मोजतो." कॅप्टन म्हणजे मालक. पूर्वी विमान चालवायचे, आता गुडघे चालत नव्हते. त्यांची खुर्ची एका मोडीत निघालेल्या विमानातली होती, पट्ट्यासकट, आणि चिडले की ते तो पट्टा बांधून घेत. पट्टा खटकन वाजला की सगळे गप्प.

तिसरा होता एवढासा. हे त्याचं नाव नव्हे, पण त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नाही. तो विमानाचा आकार ठरवायचा. आणि आकार ठरला, जाळी विणून झाली, की दारात डोकं घालून म्हणायचा, "ताई, एवढासा बदल आहे."

"केवढासा?"

"एवढासा." आणि दोन बोटांत चिमूट दाखवायचा.

त्या चिमटीपायी पंखाचं मूळ सरकायचं, मूळ सरकलं की पोटाशी जुळणारा सांधा बदलायचा, आणि सांधा बदलला की विणकरची सगळी जाळी उसवायची. पुन्हा पहिल्यापासून. विमान चिमुकलंच होतं, गवताच्या आखूड पट्टीवर उतरून औषधं आणि टपाल पोचवणारं. लांब पाय आणि बसकं नाक, म्हणून त्याला सगळे नाकतोडा म्हणत. पण नाकतोड्याने तिचे किती दिवस खाल्ले होते ते तिलाच ठाऊक.

आणि दिवस हीच तर तिची अडचण होती.

घरी आई होती. आईचं डोकं हल्ली दिवसाबरोबर चालायचं. सकाळी धुकं. दुपारी, जेवण झालं, खिडकीतून ऊन पायावर आलं, की आई लख्ख व्हायची. जुनी आई. खवचट, हसरी, सगळ्यांची खोडी काढणारी. आणि ऊन पायावरून उतरून फरशीवर गेलं की आई हळूहळू विझायची. दिवे लागेपर्यंत खुर्चीत कुणी दुसरीच बसलेली असायची, भित्री, हाताची बोटं चोळत.

विणकर घरी पोचायची ती दिवे लागल्यावर.

"बाई, तुम्ही कोण?" आई विचारायची.

"आई, मी. तुझी मुलगी."

"हो का?" आई ओशाळायची, पाहुण्यासमोर ओशाळतात तशी. "बसा ना."

दुपारची आई मिळायची ती वहिनीला. भाऊ बोटीवर कामाला, सहा-सहा महिने पाण्यात. वहिनी घरी बसून पुस्तकांची भाषांतरं करायची आणि आईकडे बघायची. रात्रीचं ताट वाढता वाढता ती दिवसाचा वृत्तांत द्यायची.

"आज आई काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, तुझा नवरा लहानपणी झोपेत शिट्टी वाजवायचा."

"खरंच? मला नाही आठवत."

"आणि त्या पंख शिवायच्या म्हणे! विमानाचे!"

विणकरचा घास हातातच राहिला. आई कुठल्याशा शेडमध्ये शिवणकामाला जायची एवढं तिला माहीत होतं. तंबू शिवत असेल, नाहीतर पोती. आईने कधी सांगितलं नव्हतं, हिने कधी विचारलं नव्हतं.

"विमानाचे पंख? शिवायची म्हणजे?"

"मला नीट नाही कळलं हो. सुई इकडून तिकडे, तिकडून इकडे, काहीतरी. मी भाषांतरात होते, हं हं करत होते. उद्या विचारा ना तुम्हीच." बोलून गेल्यावर वहिनीने जीभ चावली. उद्या दुपारी विणकर कुठे असणार होती? नाकतोड्याच्या काखेत.

"हल्ली ऊन उतरायच्या आधीच मिटायला लागल्यात त्या," वहिनी हळूच म्हणाली. "पूर्वी चहापर्यंत असायच्या. आता चहा ठेवते तोवर गेलेल्या असतात."

त्या रात्री विणकरला स्वप्न पडलं. आईच्या खुर्चीभोवती तिने जाळी विणली होती. आईच्या केसांजवळ मोहरीहून बारीक तुकडे, खिडकीपाशी मोठे, आणि प्रत्येक तुकड्यात ऊन मोजून भरलं होतं. एकेक तुकडा विझत होता आणि ती धावून धावून विचारत होती, तुझ्यातून आई किती गेली? कुठे गेली?

सकाळी ती कॅप्टनसमोर उभी राहिली. "मला दुपारी घरी जायचंय. रोज."

कॅप्टननी पट्ट्याला हात घातला. "आणि जाळी कोण विणणार? एवढासा?"

"जाळी आपोआप विणली जाईल."

पट्टा हातातच राहिला.

तिने सांगितलं ते असं. विमान म्हणजे शेवटी मूठभर आकडे. पंख केवढा लांब, मुळाशी केवढा रुंद, मागे किती झुकलेला, पोटाचा घेर किती. हे आकडे एका फाईलमध्ये लिहायचे. एक प्रोग्राम ते वाचून विमानाची कातडी घडवेल, भोकं बुजवेल. दुसरा भोवती वाऱ्याची पेटी ठेवेल आणि पेटीत जाळी विणेल. तिसरा वारा सोडेल. एवढाशाने आकडा बदलायचा, एक आज्ञा द्यायची आणि चहा प्यायला जायचं.

"आणि हे प्रोग्राम देणार कोण?"

"ते आहेतच. मोकळे. कुणीही घ्यावे, आतला कोड उघडून वाचावा, दुरुस्त करून पुढच्याला द्यावा. जगभरची माणसं लिहितात. ते वेगवेगळे आहेत एवढंच. त्यांना एका माळेत ओवायचं, तो दोरा मी लिहिते."

"तू आपल्या पोटावर आपणच पाय देतेयस, विणकर."

"देऊ दे. दुपारी पोटावर ऊन घेत बसेन आईशेजारी."

कॅप्टननी गुडघा चोळला. मग म्हणाले, "ज्या दिवशी माझ्यासमोर नुसत्या आकड्यांतून जाळी निघेल, त्या दिवसापासून तुझी दुपार तुझी. पण तोवर नाकतोडा थांबता कामा नये. हातानेही विणायचं."

म्हणजे दुहेरी काम. दिवसभर हाताने विणायचं आणि मधल्या फटींतून दोरा लिहायचा. अडली की ती त्या प्रोग्रामवाल्यांच्या चावडीवर प्रश्न टाकायची. चावडी कॉम्प्युटरातलीच, पण खऱ्या चावडीसारखीच: कुणी खेकसायचं, कुणी दुसऱ्यालाच उत्तर द्यायचं, कुणी नुसतंच "मलाही हाच त्रास आहे" म्हणून बाजूला बसायचं. तिथे टिटवी नावाचं एक माणूस होतं. मराठीतून लिहायचं, पण बाई का बुवा, कुठल्या देशात, काही पत्ता नाही. विणकरने विचारलं, "पंखाची मागची धार सुरीसारखी निमुळती आहे, तिथे जाळी चुरगळते." टिटवीने लिहिलं, "खरी सुरीसुद्धा टोकाला बोथटच असते. धार किंचित तोड, मग बघ." विणकरने तोडली आणि जाळी इस्त्री केल्यासारखी बसली. आभार मानले तर टिटवीचं उत्तर आलं, "इथे पहाट होतेय. झोपते आता." म्हणजे बाई होती तर. कुठेतरी पहाट होत होती आणि एक अनोळखी बाई नाकतोड्याची धार बोथट करून झोपायला निघाली होती. विणकरला त्या दिवशी उगीचच फार बरं वाटलं.

दोरा पुरा झाला. एके सकाळी कॅप्टन खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी येऊन बसले. एवढासा मागे उभा, बोटं चिमटीत तयार.

"सांग," विणकर म्हणाली, "केवढासा?"

"पंख जरा लांब. एवढासा."

तिने आकडा बदलला आणि आज्ञा दिली. पडद्यावर ओळी सरसर वर चढायला लागल्या. आकार घडला. भोकं बुजली. पेटी ठेवली. जाळी विणतोय, विणतोय. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरली. शेवटची ओळ आली: जाळी ठीक आहे.

"ठीक आहे!" एवढासा टाळ्या पिटत ओरडला. "ताई, ठीक आहे म्हणतोय!"

तिने जाळी उघडून दाखवली. सुंदर जाळी. एकसारखे चौकोन, कुठे सुरकुती नाही. पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते चौकोनच चौकोन.

सगळे बघत राहिले.

"विमान कुठंय?" कॅप्टन म्हणाले.

विणकरने पेटी फिरवली. आडवी कापली. उभी कापली. आत वाराच वारा.

"उडालं असेल," एवढासा म्हणाला. "आपलं काम झालं म्हणायचं."

"तू गप."

तिने विमानाची फाईल वेगळी उघडली. नाकतोडा तिथे होता, साजरा, पाय लांब, नाक बसकं, खिडकीच्या मधोमध. पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तेच. जाळी ठीक आहे, विमान नाही.

खटकन आवाज झाला. कॅप्टननी पट्टा बांधला होता. पण ओरडले नाहीत. "विणकर," ते म्हणाले, "नवीन पंखाचे निकाल द्यायचेत आपल्याला. हाताने विणायला घे. हे पुन्हा कधीतरी बघू."

पुन्हा कधीतरी. आईच्या दुपारला हा शब्द परवडणारा नव्हता. पण हे कॅप्टनना कसं सांगणार? तिने मान हलवली आणि माऊस हातात घेतला.

त्या संध्याकाळी ती जरा लवकर घरी पोचली तर आई दारातच उभी. अंगावर बाहेर जायचा कोट, हातात पिशवी, पिशवीत एक चप्पल आणि उशीचा अभ्रा.

"मला घरी जायचंय," आई म्हणाली.

"रोजचंच आहे," वहिनी मागून पायात सपाता घालत म्हणाली. "तुम्ही उशिरा येता म्हणून तुम्हाला दिसत नाही. या, तुम्हीही चला."

"अगं, पण घरातच आहे की ती!"

"ते सांगून झालं हो. सांगून पटत असतं तर काय. आई, घर कुठंय तुमचं?"

"इथे नाहीये. मला दिसत नाहीये घर."

"बरोबर आहे तुमचं," वहिनी गंभीरपणे म्हणाली. "घरात बसून घर कसं दिसेल? चला, शोधू."

तिघी जिना उतरल्या. आईचा एक हात वहिनीच्या हातात, एक विणकरच्या. आकाशात अजून थोडा उजेड शिल्लक होता. रस्ता ओलांडून त्या समोरच्या फुटपाथवर गेल्या, न्हाव्याच्या दुकानासमोर. न्हाव्याने आतूनच वस्तरा उंचावून नमस्कार केला. त्यालाही हे रोजचं असावं. वहिनीने आईचे खांदे धरून तिला वळवलं.

"ते बघा. दुसरा मजला. निळा पडदा."

आई बघत राहिली. खिडकीत दिवा होता. कठड्यावर कुंडी होती, कुंडीतलं झाड जरा कलंडलेलं होतं. आईचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"हां," ती म्हणाली. "ते माझं. कुंडीला पाणी घालत नाही वाटतं कुणी."

आणि पिशवी सांभाळत, कुणाची वाट न बघता, रस्ता ओलांडायला निघाली. वहिनी मागे धावली.

विणकर मात्र फुटपाथवरच उभी राहिली. ती खिडकीकडे बघत होती. आतून खोली केवढी असते. खुर्ची, टेबल, आई, अख्खं जग. आणि इथून बघितलं तर बोटाच्या नखाएवढी, केवढ्या तरी मोठ्या इमारतीच्या पोटात. आत असताना इमारत दिसत नाही. दिसते ती फक्त हवा, चौकोनी, ठीकठाक, कुठे सुरकुती नाही...

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली.

"काय झालं?" न्हाव्याने विचारलं.

"विमान कुठे गेलं नाहीये. आम्हीच त्याच्या पोटात बसलोय!"

न्हाव्याने वस्तरा खाली घेतला. या घरातल्या बायका एकेक करून वेड्या होत चालल्या, असं त्याला वाटलं असणार.

सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आधी तिने पेटी आणि विमान एकाच खिडकीत उघडलं आणि मागे सरकायला सुरुवात केली. मागे, आणखी मागे. पेटी काडेपेटीएवढी झाली, मग मोहरीएवढी, मग दिसेनाशी झाली. आणि कुठून कुठून एक भलीमोठी भिंत वळून आली, तिला खिडक्या फुटल्या, तिला पंख फुटला. नाकतोडा. गावंच्या गावं सावलीत घेईल एवढा प्रचंड नाकतोडा, आभाळभर पसरलेला, आणि त्याच्या पोटाच्या अंधारात तिची वाऱ्याची एवढीशी पेटी. आकार घडवणारा प्रोग्राम मिलीमीटरमध्ये मोजायचा, विणणारा मीटरमध्ये. मधल्या फाईलमध्ये पंखाच्या लांबीचा नुसता आकडा जायचा, नऊ हजार. नऊ हजार काय, हे ना याने सांगितलं, ना त्याने विचारलं. विकतचं सॉफ्टवेअर दाराशीच विचारायचं, मोजमाप कुठलं? इथे दार सताड उघडं, आत येणाऱ्यावर विश्वास. आणि दाखवणारा प्रोग्राम भलताच सभ्य: मुंगी असो की डोंगर, खिडकीत मावेल एवढं करूनच दाखवणार. म्हणून एकटा बघितला तेव्हा नाकतोडा नेहमीसारखाच दिसला होता.

ती हसत सुटली. एवढासा जिना चढून आला तेव्हा ती डोळे पुसत होती.

"रडताय, ताई?"

"अरे, ये. तुला एवढासा बदल दाखवते."

हजाराने भाग, एवढीच एक ओळ तिने दोऱ्यात घातली. आणि तिच्या वर, पुढे जो कुणी हा दोरा उघडेल त्याच्यासाठी, साध्या शब्दांत लिहून ठेवलं: विमान दिसत नसेल तर आधी मागे सरका. तुम्ही आत असाल.

कॅप्टन आले. आकडा बदलला. आज्ञा दिली. तिघे चहा प्यायला उठले, आणि चहा प्यायचं सोडून दारातून पडद्याकडेच बघत राहिले. यावेळी पेटीच्या एका भिंतीला लागून विमानाच्या आकाराची पोकळी होती, नेहमीसारखी अर्ध्या विमानाची, आणि तिला बिलगून मोहरीहून बारीक तुकडे, थरावर थर, नाकापाशी दाट, शेपटीकडे विरळ होत गेलेले. तिने स्वतः विणली असती तशीच. जवळजवळ तशीच. पंखाच्या काखेत एक जागा तिला जरा ओबडधोबड वाटली, पण तिने माऊसला हात लावला नाही.

"आणखी एक," एवढासा हावरटासारखा म्हणाला. "शेपूट जरा..."

"तूच बदल. बस तिथे," म्हणून तिने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं.

कॅप्टन ओठांवरून बोट फिरवत उभे होते. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "विणकर, तू अजून इथेच?"

"म्हणजे?"

"दुपार होत आली."

आपला रस्ता भर दुपारी कसा दिसतो हे ती विसरून गेली होती. सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. न्हावी खुर्चीत स्वतःच डुलकी काढत होता. कुठल्याशा गच्चीवर धुतलेली चादर फुगायची, पडायची, फुगायची, आणि तिला चादरीभोवतीचे हवेचे तुकडे दिसत होते, कडेला बारीक, लांब मोठे, सगळे उन्हाने भरलेले. लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून ती स्वप्नात चालावं तशी चालत होती. घाई करावी तर दुपार सांडेल, असं काहीतरी.

आई खिडकीत होती. ऊन पायावर.

"कोण? तू?" आईने भुवया उंचावल्या. "आज सुट्टी? की काढून टाकलं?"

विणकर दारातच थांबली. "ओळखलंस?"

"घ्या! पोटच्या पोरीला ओळखू नये एवढी म्हातारी नाही झाले अजून. बस. उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने पदराने नाक पुसलं आणि आत गेली. "मी जरा भाषांतराला बसते," आतून म्हणाली. "वन्सं, आज तुमची पाळी."

विणकर आईच्या पायाशी बसली. इतके दिवस या दुपारसाठी जीव टाकला होता. तिने लॅपटॉप उघडला. "हे बघ, मी काय करते ते."

आईने डोळे बारीक केले. "मोडलं कुणी हे?"

"मोडलं नाही गं. अर्धंच करतो आम्ही. दुसरी बाजू हुबेहूब तशीच असते ना, मग दोनदा कशाला मोजायचं? मध्ये आरसा आहे असं समजायचं."

"आणि उडतं?"

"कॉम्प्युटरात उडतं."

"अर्धं?"

"अर्धं."

"मग अर्ध्या गावापर्यंतच जाईल," आई म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली. विणकरही हसली. मग तिने आरशाची कळ दाबली. डावीकडे दुसरा पंख उगवला. पूर्ण नाकतोडा, जाळीचं वस्त्र ल्यालेला.

आईने पडद्यावरच्या पंखावर बोट ठेवलं आणि नाकाकडून मागे सावकाश फिरवलं.

"टाके पुढे दाट घेतलेस," ती म्हणाली.

"टाके नाहीत ते, आई. पण हो, पुढे दाट. तिथे वारा जास्त ओढतो."

"ओढणारच. नाकावरच्या पंख्याचा झोत तिथेच बसतो. आम्हीही तिथे जवळ जवळ घालायचो."

"आई," विणकरने विचारलं, "तू पंख कसे शिवायचीस? मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुझं शिक्षण, तुझी कामं. मला वाटलं, हिला काय आमच्या शिवणाचं." पण आईचा हात आता हवेत उठला होता. "पंख लाकडाचा असायचा गं. आत नुसत्या बरगड्या. वरून कापड ताणून चढवायचं. मग पंख कडेवर उभा करायचा, भिंतीसारखा. एक बाई अलीकडे, एक बाई पलीकडे. मी इकडून सुई खुपसायची. ही एवढी लांब. पलीकडची ती ओढून घेणार, बरगडीला वळसा घालून परत पाठवणार. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर."

"आणि पलीकडे कोण असायचं?"

"कोण म्हणजे? दिसायची कुठे ती! मध्ये पंख. नुसता आवाज. गाणं म्हणायची, बेसूर. मी म्हणायचे, बाई, कापड फाटेल. तर सुई जोरात टोचायची माझ्या बाजूला, मुद्दाम." आई हसली. तिचे डोळे कुठेतरी लांब होते, पण विझलेले नव्हते. "आणि शेडमध्ये इंजिनं चालू झाली की आवाजही ऐकू यायचा नाही. मग दोऱ्यानेच बोलायचं. एकदा ओढला की, आहे मी. दोनदा ओढला की, थांब. बास. तेवढ्यावर पंख शिवून व्हायचा."

"आणि चुकलं तर?"

"उसवायचं. काय करणार? पण चुकायचं नाही फारसं. पलीकडे कुणीतरी आहे एवढं कळलं की हात चुकत नाही."

विणकर ऐकत राहिली. आई आणखी काय काय सांगत होती. कापडावर चोपडायच्या रोगणाचा वास, त्याने येणारी गुंगी, पहिल्यांदा तिने शिवलेला पंख उडाला तेव्हा ती कशी शेडमागे लपली होती, पडला तर बघायला नको म्हणून. ऊन आईच्या घोट्यावर आलं. मग चपलेवर. मग फरशीवर. विणकरच्या ते लक्षात येत होतं आणि ती तिकडे बघत नव्हती.

आई एका वाक्याच्या मधोमध थांबली. बोटं एकमेकांवर चोळू लागली. स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या.

"बाई," आईने हळूच विचारलं, "तुम्ही कोण?"

रोज ती म्हणायची, आई, मी, तुझी मुलगी. आणि रोज आई ओशाळायची. आज शब्द ओठांवर आले आणि तिने ते गिळले.

"मी पलीकडची," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे निरखून बघितलं. "पंखाच्या?"

"हो."

"मग गाणं बंद का केलंस?" आई म्हणाली, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. भीती गेली. "आणि अशी बसून काय राहिलीस? सुई दे इकडे."

विणकरने चिमूट पुढे केली. आईने त्या चिमटीतून नसलेली सुई अलगद घेतली, उजेडाकडे धरून नेढं बघितलं, आणि दोघींच्या मधल्या हवेत, बरोब्बर एका जागी, ती खुपसली. विणकरने पलीकडून ओढून घेतली. वळसा दिला. परत पाठवली. वहिनी चहा घेऊन आली आणि कप खाली ठेवून उभी राहिली.

खिडकीतला उजेड निळा होत गेला. आई टाका घालत होती, पुढे दाट, मागे विरळ. मध्येच तिचा हात थांबला आणि तिने दोरा ओढला.

एकदा.